अल्जिनेटच्या मण्यांत यकृतपेशी वाढवून औषधाचा विषारीपणा तपासताना: आधी जेल, मग पेशी, मग औषध

अल्जिनेटच्या मण्यांत हेपजी२ (मानवी यकृताच्या कर्करोगातून मिळालेल्या) पेशी वाढवायच्या, वर औषध घालायचं, २४ तासांनी जिवंत पेशी मोजायच्या आणि 'त्रिमितीय वाढीत पेशी औषधाला जास्त तग धरतात' असं लिहून मोकळं व्हायचं. एम.एस्सी.चे प्रकल्प आणि पीएच.डी.चे मसुदे वाचताना हा निष्कर्ष वारंवार भेटतो. बऱ्याचदा त्यातून पेशींबद्दल काहीच कळत नाही. कधी औषध जेलला चिकटून बसलेलं असतं आणि पेशींपर्यंत ठरवलेली मात्रा पोचलेलीच नसते. कधी मोजणीचा रंग मण्यात अडकलेला असतो. कधी मण्यातून निसटलेल्या पेशी प्लेटच्या तळाशी साधा थर करून वाढलेल्या असतात आणि मोजल्या जातात त्याच.

अल्जिनेट हा तपकिरी समुद्रशैवालापासून मिळणारा लांब साखळीचा पॉलिमर आहे. त्याच्या साखळीवर ऋण भार असतो आणि कॅल्शियम त्या साखळ्या एकमेकींना बांधतो, म्हणून जेल तयार होतं. हाच ऋण भार, हाच कॅल्शियम आणि ही जाळी पुढे ऑक्सिजन, औषध आणि मोजणी या तिन्हींत हात घालतात. म्हणून खालचा क्रम बदलू नका. रिकाम्या जेलची तपासणी आधी, पेशींची त्यानंतर आणि औषध सगळ्यांत शेवटी.

## टप्पा १: प्रश्न आणि पेशी ठरवा

हेपजी२ पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मिळतात, स्वस्तात वाढतात आणि हात बसवायला उत्तम आहेत. पण औषधांचं रूपांतर करणारी सायटोक्रोम पी-४५० एन्झाइम्स त्यांच्यात फार कमी असतात. त्यामुळे 'हे औषध जसं आहे तसं पेशीला घातक आहे का' या प्रश्नाचं उत्तर त्या देऊ शकतात. 'यकृतात रूपांतर झाल्यावर त्यातून काही घातक तयार होतं का' हे त्यांना विचारू नका.

पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. शरीरात ते यकृताला इजा करतं ते एनएपीक्यूआय या रूपांतरित रेणूमुळे, आणि तो तयार करणाऱ्या एन्झाइम्सपैकी प्रमुख असलेलं सीवायपी-२ई१ हेपजी२मध्ये जवळपास नसतं. तरीही असंख्य प्रकल्पांत हेपजी२साठी विषारी कंट्रोल म्हणून पॅरासिटामॉलच वापरलेलं दिसतं. मग मात्रा कित्येक मिलिमोलरपर्यंत चढवावी लागते, आणि तिथे पेशी मेल्या तरी त्या यकृताच्या मार्गाने मेलेल्या नसतात.

रूपांतराचा प्रश्न असेल तर हेपाआरजी (रूपांतराची एन्झाइम्स बाळगणाऱ्या यकृतपेशींचा वाण) किंवा दात्याच्या यकृतातून काढलेल्या प्राथमिक पेशी घ्या. हेपाआरजीला साधारण दोन आठवडे वाढ आणि पुढचे दोन आठवडे सुमारे २ टक्के डीएमएसओ या द्रावकामध्ये परिपक्व होणं लागतं, तेवढा वेळ वेळापत्रकात धरा. प्राथमिक पेशी महाग असतात, दात्यागणिक बदलतात आणि मण्यात विभाजित होत नाहीत, त्यामुळे त्यांचे गोळे मण्यात घालण्याआधीच बनवून घ्यावे लागतात. पुढची कृती हेपजी२साठी आहे. जेल, औषध आणि मोजणीबद्दलचं सगळं मात्र इतर पेशींनाही लागू पडतं.

## टप्पा २: द्रावणं, दोन दिवस आधी

चार द्रावणं लागतात.

१. हेपेस-सलाइन. सोडियम क्लोराइड ०.९ टक्के, हेपेस (पीएच स्थिर ठेवणारा बफर) १० मिलिमोलर म्हणजे लिटरला २.३८ ग्रॅम, पीएच ७.४.

२. अल्जिनेट, २ टक्के. कमी चिकटपणाचं, पेशींसाठी शुद्ध केलेलं सोडियम अल्जिनेट घ्या. खाद्यपदार्थांसाठीचं अल्जिनेट स्वस्त पडतं, पण त्यातली एन्डोटॉक्सिन (जिवाणूंची विषं) आणि इतर अशुद्धी पेशींना त्रास देतात आणि तो त्रास औषधाच्या खात्यावर जमा होतो. अल्जिनेट हेपेस-सलाइनमध्येच विरघळवा. पिठल्यात बेसन वैरतात तशी पूड जोरात ढवळत्या द्रावणात थोडी थोडी भुरभुरा. एकदम ओतलीत तर वरून ओल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या दुसऱ्या दिवसापर्यंत मोडत नाहीत. रात्रभर मंद ढवळत ठेवा.

३. कॅल्शियम क्लोराइड, १०० मिलिमोलर. सोबत हेपेस १० मिलिमोलर, पीएच ७.४. डायहायड्रेट असेल तर लिटरला १४.७ ग्रॅम, निर्जल असेल तर ११.१ ग्रॅम. बाटलीवरचं लेबल वाचूनच वजन करा. यात वेगळं मीठ घालू नका. या मात्रेला कॅल्शियम क्लोराइड एकटंच पेशींच्या परासरणदाबाच्या जवळ असतं, वर ०.९ टक्के मीठ घातलंत तर तो दुपटीच्या आसपास जातो आणि पेशी आक्रसतात.

४. मणी विरघळवण्याचं द्रावण. ट्रायसोडियम सायट्रेट ५५ मिलिमोलर (डायहायड्रेट, लिटरला १६.२ ग्रॅम), सोडियम क्लोराइड ९० मिलिमोलर (लिटरला ५.३ ग्रॅम), हेपेस १० मिलिमोलर, पीएच ७.४. सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतो आणि जेल सुटतं. हे द्रावण पेशींना किंचित खारट पडतं, म्हणून जिवंत पेशी त्यात १० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका.

सावधान. या यादीत पीबीएस (फॉस्फेट असलेलं सलाइन) कुठेही नाही आणि ते मुद्दाम वगळलं आहे. फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की पांढरा गढूळपणा येतो, मणी ठिसूळ होतात आणि नंतर पीबीएसने धूत राहिलात तर जेल हळूहळू विरघळतं. 'दोन दिवसांत मणी फुटले' ही तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारावा: धुतलंत कशाने?

निर्जंतुक करताना अल्जिनेट ऑटोक्लेव्ह करू नका. उष्णतेने साखळ्या तुटतात, चिकटपणा उतरतो आणि मणी मऊ पडतात. द्रावण ३७ अंशांपर्यंत कोमट करून आधी ०.४५ आणि मग ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून काढा. हाताने सिरिंज दाबून दाबून दमछाक होत असेल तर अल्जिनेटचा चिकटपणा जास्त आहे. कमी चिकटपणाचा दर्जा मागवा. गाळलेलं द्रावण रात्रभर ४ अंशांवर ठेवलं की बुडबुडे निघून जातात.

## टप्पा ३: रिकाम्या मण्यांचा सराव

पेशी बाहेर काढण्याच्या आधी पूर्ण कृती एकदा पेशींशिवाय करा. हा टप्पा सगळेच गाळतात. पुढच्या निम्म्या चुका इथेच पकडता येतात.

अल्जिनेटच्या ३ भागांत हेपेस-सलाइनचा १ भाग मिसळा, म्हणजे अंतिम प्रमाण १.५ टक्के होईल. हे मिश्रण सिरिंजमध्ये भरून २२ ते २५ गेजच्या सुईतून कॅल्शियमच्या द्रावणात थेंब थेंब सोडा. सुईचं टोक पृष्ठभागापासून ५ ते १० सेंटिमीटर वर धरा. फार जवळ धरलंत तर मण्यांना शेपट्या येतात, फार उंच धरलंत तर थेंब आपटून चपटे होतात. खाली चुंबकीय ढवळणी मंद चालू असावी, नाहीतर मणी एकमेकांना चिकटतात. १० मिनिटं थांबा, गाळा, हेपेस-सलाइनने झटपट दोनदा धुवा आणि मीडियममध्ये (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रावणात) टाका.

धुणं झटपटच हवं. न धुता मीडियममध्ये टाकलेत तर उरलेला कॅल्शियम मीडियमच्या फॉस्फेटशी मिळून गढूळ होतो. सलाइनमध्ये विसरलेत तर सोडियम कॅल्शियमची जागा घेऊ लागतो आणि मणी फुगतात.

पडताळणी. हाताने सोडलेल्या थेंबाचा मणी साधारण २.५ मिलिमीटरचा होतो. अशा मण्याचं घनफळ सुमारे ८ मायक्रोलिटर, म्हणजे १ मिलिलिटर मिश्रणातून १२० च्या आसपास मणी निघतात. २० मणी टिपकागदावर टिपून वजन करा. १६० मिलिग्रॅमच्या जवळ यायला हवं. तीन वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या मण्यांची वजनं जुळत नसतील तर पेशींकडे जाऊ नका. काही रिकामे मणी मीडियममध्ये ७ दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवा आणि व्यास पहिल्या दिवसाशी ताडून पाहा. ते मोठे होत असतील तर जेल सैल पडत आहे. तरंगणारे मणी म्हणजे आत बुडबुडे आहेत.

## टप्पा ४: औषध जेलला चिकटतं का

माझ्या मते अख्ख्या कृतीतला सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे, आणि अहवालांत तो सगळ्यांत कमी वेळा दिसतो.

क्लोरप्रोमाझिन, अमिओडॅरोन यांसारख्या औषधांवर शरीराच्या पीएचला धन भार असतो. अल्जिनेटवर ऋण भार. दोन्ही एकमेकांकडे ओढले जाणारच. शिवाय तेलात सहज विरघळणारी औषधं प्लेटच्या प्लास्टिकलाही चिकटतात. टेट्रासायक्लिन गटातली औषधं तर कॅल्शियमलाच धरतात, आणि जेल कॅल्शियमवरच उभं आहे.

चाचणी सोपी आहे. २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलला १ मिलिलिटर मीडियम आणि ठरलेली औषधमात्रा घ्या. तीन वेलमध्ये १० रिकामे मणी, तीन वेलमध्ये मणी नाहीत. आणखी एक नमुना काचेच्या कुपीत. २४ तास ३७ अंशांवर ठेवून तिन्हींतली औषधाची मात्रा एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. एचपीएलसी नसेल आणि औषध अतिनील प्रकाश नीट शोषत असेल, तर सीरम नसलेल्या मीडियममध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटरवरही अंदाज येतो.

आता हिशोब. १० मण्यांचं घनफळ सुमारे ८० मायक्रोलिटर. औषध फक्त त्यांच्यात पसरलं, कशालाही चिकटलं नाही, तर मीडियममधली मात्रा १ भागिले १.०८, म्हणजे सुमारे ९३ टक्के राहायला हवी. मण्यांच्या वेलमध्ये ९० ते ९३ टक्के दिसलं तर ठीक. ६० टक्के दिसलं तर उरलेलं जेलने धरलं आहे. कुपीपेक्षा मणी नसलेला वेलच खाली असेल तर दोष प्लास्टिकचा.

चिकटणारं औषध सोडून द्यायची गरज नाही. पण मग आलेख घातलेल्या मात्रेवर काढू नका, मोजलेल्या मात्रेवर काढा. जेलने फारच धरलं तर त्या औषधासाठी अल्जिनेट बाजूला ठेवून न चिकटणाऱ्या प्लेटमध्ये साधे पेशीगोळे वापरणं जास्त प्रामाणिक ठरतं.

वेळेचीही काळजी इथेच मिटते. लहान रेणूंची औषधं २.५ मिलिमीटरच्या मण्यात तासाभरात समान पसरतात. मोठी प्रथिनं फार सावकाश जातात, म्हणून प्रतिपिंडांसारख्या औषधांना ही पद्धत जशीच्या तशी लावू नका.

## टप्पा ५: पेशी मण्यात घालणं

पेशी मायकोप्लाझ्मा या जिवाणूपासून मुक्त असल्याची तपासणी झालेली असावी आणि पॅसेज क्रमांक (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये घेतल्या तो आकडा) नोंदवलेला असावा. फ्लास्क ७० ते ८० टक्के भरलेला असताना घ्या. गच्च भरलेल्या फ्लास्कमधली हेपजी२ गुठळ्यांनी सुटते आणि गुठळी मण्यात गेली की तिच्यापासून वाढणारा गोळा बाकीच्यांपेक्षा कायम मोठा राहतो.

१. ट्रिप्सिन-ईडीटीएने पेशी सोडवा, सीरम असलेल्या मीडियमने थांबवा, सेंट्रिफ्यूज करा.

२. पेशी हेपेस-सलाइनमध्ये पुन्हा एकदा धुवा. हे धुणं टाळू नका: मागे राहिलेलं ईडीटीए कॅल्शियम पकडतं आणि नेमका पेशींभोवतीचा जेल कच्चा राहतो.

३. ४० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळा. ट्रिपॅन ब्लूने (फक्त मेलेल्या पेशींना लागणाऱ्या रंगाने) मोजा. ९० टक्क्यांपेक्षा कमी पेशी जिवंत असतील तर आज थांबा. मेलेल्या पेशी मण्यातून धुऊन निघत नाहीत, त्या आतच राहून मोजणी बिघडवतात.

४. मिलिलिटरला ४० लाख पेशी असं दाट मिश्रण करा. त्याचा १ भाग अल्जिनेटच्या ३ भागांत मिसळा. अंतिम प्रमाण: १.५ टक्के अल्जिनेट, मिलिलिटरला १० लाख पेशी, मण्यामागे सुमारे ८ हजार.

५. मिसळताना रुंद तोंडाची टिप आणि सावकाश हात. व्होर्टेक्स नको. बुडबुडा आला तर तो जाईपर्यंत थांबा.

६. मिसळल्यापासून १५ ते २० मिनिटांत सगळे थेंब सोडून व्हायला हवेत. पेशी सलाइनमध्ये उपाशी असतात आणि सिरिंजमध्ये तळाशी बसू लागतात, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या मण्यांत फरक पडतो. मिश्रण जास्त असेल तर दोन सिरिंज भरा.

एका औषधाला किती मिश्रण लागतं? ८ मात्रा, प्रत्येकी ३ वेल, शिवाय फक्त द्रावकाचे (औषधाविना डीएमएसओचे) ६ आणि पेशी पूर्ण मारणारे ३ वेल: एकूण ३३ वेल, म्हणजे ३३० मणी. तपासण्यांसाठी आणखी साठ-सत्तर. ४ मिलिलिटर मिश्रण पुरतं. ३३ वेल एका प्लेटमध्ये मावत नाहीत, म्हणून प्रत्येक प्लेटवर तिचे स्वतःचे द्रावक-कंट्रोल ठेवा.

## टप्पा ६: ७ ते १० दिवस वाढवणं

मणी पेशी चिकटू नयेत अशा, प्रक्रिया न केलेल्या पेट्री प्लेटमध्ये ठेवा. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दर दोन दिवसांनी मीडियम बदल. मंद फिरत्या शेकरवर ठेवता आलं तर उत्तम; मण्यांचा ढीग होऊ देऊ नका.

पेशी एकेकट्या सुरू होतात आणि विभाजित होत होत छोटे गोळे बनतात. हेपजी२ला दुप्पट व्हायला साधारण दोन दिवस लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी फारसं काही दिसत नाही म्हणून प्रयोग फेकून देऊ नका.

मण्याच्या कडेजवळच्या पेशी बाहेर निसटतात. पाचव्या दिवशी सगळे मणी नव्या प्लेटमध्ये हलवा आणि औषध घालण्याच्या दिवशी पुन्हा एकदा. जुन्या प्लेटचा तळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तिथे पेशींचा थर असेल तर मणी हलवले हे बरंच झालं.

आता ऑक्सिजन. पेशी दाटीने एकत्र असतील तर ऑक्सिजन १५० ते २०० मायक्रोमीटरच्या पलीकडे पुरत नाही. मणी २.५ मिलिमीटरचा आहे, मग मधल्या पेशी मरणारच, असं समजून काही जण घाबरतात. जेलमध्ये बहुतांश पाणीच असतं आणि विरळ पेशींच्या मण्यात ऑक्सिजन बराच आत जातो. पेशी जास्त घातल्या किंवा जास्त दिवस वाढवल्या की चित्र पालटतं: कडेला भरगच्च जिवंत पट्टा, मध्यभाग मेलेला. म्हणून पेशी 'जरा जास्तच' घालण्याचा मोह आवरा. इलेक्ट्रोस्टॅटिक किंवा हवेच्या झोताचं यंत्र हाताशी असेल तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान मणी करा आणि ही काळजीच काढून टाका.

पडताळणी. औषधाच्या आदल्या दिवशी तीन मणी ब्लेडने मधोमध कापा आणि जिवंत-मृत रंगाने रंगवा. मध्यभाग लाल, म्हणजे मेलेला, असेल तर त्या तुकडीवर औषध घालू नका. गोळे १५० मायक्रोमीटरच्या आत असावेत.

## टप्पा ७: पेशी यकृतासारख्या वागतात का

मीडियममधलं मानवी अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन) एलायझा या प्रतिपिंड-चाचणीने मोजा. त्यासाठी मणी २४ तास सीरमविरहित मीडियममध्ये ठेवा. गाईच्या सीरममध्ये अल्ब्युमिन भरपूर असतं आणि काही किट त्यालाही ओळखतात. पेशी नसलेलं मीडियम सोबत चालवलं नाही तर मोजलं ते कोणाचं हे कळत नाही. आकडा डीएनएच्या प्रमाणात मांडा. मणी सायट्रेटमध्ये विरघळवून डीएनए मोजताना प्रमाणरेषाही विरघळलेल्या रिकाम्या मण्यांच्या द्रावणातच काढा.

युरियावर भरवसा ठेवू नका. हेपजी२मध्ये युरिया-चक्रातली ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेज आणि आर्जिनेज-१ ही एन्झाइम्स नसतात. मीडियममध्ये थोडा युरिया सापडतो, पण तो अमोनिया निकामी करण्याच्या मार्गातून आलेला नसतो. तरीही 'यकृताचं कार्य सिद्ध झालं' म्हणून युरियाचा आलेख दाखवला जातो, आणि परीक्षकही तो मान्य करतात.

सायटोक्रोम मोजणार असाल तर सीवायपी-३ए४ पुरेसं आहे. त्रिमितीय वाढीत ते सपाट थरापेक्षा वाढलेलं दिसू शकतं. प्राथमिक पेशींच्या बरोबरीला मात्र ते येत नाही, आणि वाढलेल्या पटीचा आकडा लिहिताना हे सोबत लिहायला हवं.

## टप्पा ८: औषध घालणं

ग्लुकोज की गॅलॅक्टोज. भरपूर ग्लुकोज असलेल्या मीडियममध्ये हेपजी२ आपली ऊर्जा बहुतांशी ग्लायकोलिसिसमधून, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाशिवाय ग्लुकोज मोडून, मिळवते. मायटोकॉन्ड्रियाला इजा करणारं औषध घातलं तरी तिचं फारसं अडत नाही. म्हणून चाचणी दोन मीडियममध्ये करा: एक नेहमीचं, दुसरं ग्लुकोज नसलेलं आणि १० मिलिमोलर गॅलॅक्टोज घातलेलं. दुसऱ्यात सीरम डायलाइझ केलेलं (लहान रेणू काढून टाकलेलं) हवं, कारण साध्या सीरममध्ये ग्लुकोज असतं. मण्यांच्या पाण्यातही जुनं ग्लुकोज साठलेलं असतं; आदल्या दिवशी तासातासाने दोनदा मीडियम बदलून ते काढा. मायटोकॉन्ड्रिया बंद पाडणारं रोटेनोन सोबत चालवा. गॅलॅक्टोजमध्ये त्याची मारक मात्रा स्पष्टपणे खाली आली नाही तर बदल नीट झालेला नाही.

मात्रा कशा निवडाव्यात. रुग्णाच्या रक्तात औषधाची जी कमाल मात्रा आढळते, तिला सी-मॅक्स म्हणतात. तिच्यापासून सुरू करून १०० पटींपर्यंत जा. सी-मॅक्स न पाहता '१०, ५०, १०० मायक्रोमोलर' असे गोल आकडे घेतले की निकाल कशाशी ताडायचा हेच उरत नाही.

पातळ करण्याचा क्रम. आधी डीएमएसओमध्येच ८ मात्रांची उतरंड करा, अंतिम मात्रेच्या १००० पट. मग प्रत्येक मात्रा मीडियममध्ये १ ला १००० घाला. असं केलं की सगळ्या वेलमध्ये डीएमएसओ सारखंच ०.१ टक्के राहतं. मीडियममध्ये उतरंड केलीत तर वरच्या मात्रेला डीएमएसओ जास्त आणि खालच्यांना कमी पडतं. औषध घातल्यावर तासाभराने सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. स्फटिक दिसले तर ती मात्रा विरघळलेलीच नाही. आलेखातून काढून टाका.

जोडीने तपासा. टोलकॅपोन आणि एन्टाकॅपोन ही पार्किन्सनवरची जवळची औषधं आहेत. पहिल्याने यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्यामुळे १९९८ मध्ये त्याच्यावर कडक निर्बंध आले, दुसरं यकृताच्या दृष्टीने बरंच सौम्य आहे. तशीच दुसरी जोडी मधुमेहावरच्या ट्रोग्लिटाझोन आणि पायोग्लिटाझोनची. ट्रोग्लिटाझोन अमेरिकेत २००० मध्ये मागे घेतलं गेलं. तुमची पद्धत या जोड्यांमध्ये सी-मॅक्सच्या पटीत फरक दाखवत नसेल तर नव्या औषधाबद्दल ती काय सांगेल?

किती दिवस. २४ तासांचा एकच डोस पुरत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत फायलुरिडिन या हेपटायटिस-बीवरच्या औषधाच्या चाचणीत १५ रुग्ण होते. त्यांपैकी ५ दगावले आणि दोघांना यकृत प्रत्यारोपण करून वाचवावं लागलं. इजा दिसायला कित्येक आठवडे गेले होते. मण्यांत वाढवण्याचा खरा फायदा इथेच आहे: पेशी टिकतात, म्हणून दर ४८ तासांनी ताज्या मीडियमसोबत औषध घालून ७ ते १४ दिवस चाचणी चालवता येते. हा फायदा घ्यायचा नसेल तर मणी करण्याचा खटाटोपच कशाला?

कडेच्या वेलमध्ये फक्त निर्जंतुक पाणी भरा. तिथलं मीडियम लवकर उडतं आणि औषध आपोआप घट्ट होतं.

## टप्पा ९: मोजणी

एमटीटी या रंगचाचणीने सुरुवात करू नका. त्याचे जांभळे स्फटिक जेलच्या आत तयार होतात आणि पूर्ण बाहेर काढणं कठीण जातं. रेझाझुरिन (जिवंत पेशींत चमकू लागणारा रंग) बरं: मण्यात सहज जातं आणि पेशी न मारता मोजता येतं. मात्र सपाट थराला लागतो त्यापेक्षा वेळ जास्त द्या, साधारण ४ तास, आणि दर तासाला वाचन घेऊन रेषा सरळ चढते आहे ना हे पाहून वेळ पक्की करा. जास्त वेळ ठेवलं तर चमकणारा रंग पुढे रंगहीन होतो आणि वाचन उलट खाली येतं. वाचायला १०० मायक्रोलिटर मीडियम काळ्या प्लेटमध्ये काढा. मणी आत ठेवून वाचू नका.

एटीपी (पेशीचा ऊर्जा पुरवणारा रेणू) मोजायचं असेल तर मणी विरघळवावे लागतात. सायट्रेट मॅग्नेशियमलाही धरतो, आणि एटीपी मोजायला वापरतात त्या ल्युसिफरेज एन्झाइमला मॅग्नेशियम लागतं. म्हणून एटीपीची प्रमाणरेषा मणी विरघळवलेल्या द्रावणातच काढा. एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम) हा मोठा रेणू आहे, तो जेलमधून उशिरा बाहेर पडतो. एकट्या एलडीएचवरून 'पेशी शाबूत आहेत' असं ठरवू नका.

पडताळणी. प्रत्येक मात्रेसाठी रिकामे मणी आणि औषध असलेला एक वेल ठेवा. टोलकॅपोन आणि एन्टाकॅपोन पिवळी आहेत, रिफॅम्पिसिन तांबूस केशरी. असे रंग मोजणीत मिसळतात. द्रावक-कंट्रोल आणि पेशी पूर्ण मारलेले वेल यांवरून झेड-प्राइम (दोन्ही किती स्पष्ट वेगळे दिसतात याचा आकडा) काढा. तो ०.५ च्या खाली असेल तर त्या प्लेटचे निकाल वापरू नका, आकडे कितीही मनासारखे आले तरी.

तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींपासून बनवलेल्या मण्यांच्या तीन तुकड्या म्हणजे तीन प्रयोग. विचलनाच्या रेघा त्यांच्यावरून काढा.

## टप्पा १०: अहवाल लिहिताना

भारतात २०२३ च्या दुरुस्तीनंतर नव्या औषधांच्या नियमांत पेशींवर आधारित चाचण्या आणि ऑर्गन चिप (अवयवाची नक्कल करणारी पेशींची चिप) यांसारख्या प्राण्यांविना होणाऱ्या पद्धतींना जागा मिळाली आहे. त्यामुळे असे निकाल आता फक्त प्रबंधात बंद राहणार नाहीत, आणि त्यांतला प्रत्येक शब्द मोजून लिहायला हवा.

हे सगळं अहवालात असू द्या: अल्जिनेटचा दर्जा आणि तुकडी क्रमांक, अंतिम टक्केवारी, मण्याचा व्यास, मण्यातील पेशींची संख्या, वाढीचे दिवस, मीडियममधली साखर, सीरमचं प्रमाण, टप्पा ४ मधली औषधाची मोजलेली मात्रा, आणि आयसी-५० (निम्मा परिणाम करणारी मात्रा) भागिले सी-मॅक्स हे गुणोत्तर. जेलशिवाय वाढवलेल्या सपाट थराशी तुलना करणार असाल तर दोन्हींकडे पेशींमागे औषध किती पडलं तेही लिहा. दाट मण्यांना पेशीमागे कमी औषध मिळालं असेल तर त्यांचा 'तग' हा नुसता भागाकार असू शकतो.

'औषध सुरक्षित आहे' हे वाक्य लिहू नका. असं लिहा: 'अल्जिनेट मण्यांतील हेपजी२ पेशींवर, गॅलॅक्टोज मीडियममध्ये, सी-मॅक्सच्या अमुक पटीच्या मोजलेल्या मात्रेपर्यंत, तमुक दिवस वारंवार डोस देऊन, एटीपीमध्ये घट आढळली नाही. रूपांतरातून होणारा विषारीपणा या पद्धतीत तपासला गेलेला नाही.' आणि त्या शेवटच्या ओळीसाठी हेपाआरजी किंवा प्राथमिक पेशींवर पुढचा प्रयोग लावा.